वर राहिलेली तार

१

रँडलला पुरून नऊ दिवस झाले होते, तरी लेवी सकाळी पाचलाच उठत होता. उठायला कारण उरलं नव्हतं. छपराचं काम बंद होतं. पिकअप अंगणात उभी होती आणि शिड्या तिच्यावर तशाच बांधलेल्या होत्या. पण पाच वाजले की डोळे उघडायचे, पाय आपोआप स्वयंपाकघरात जायचे आणि हात फ्रीझरच्या दारावर पडायचा. मग सगळं आठवायचं, आणि तो हात मागे घ्यायचा.

सहा वर्षं हे त्याचं काम होतं. नववीत शाळा सोडून तो थोरल्या भावाच्या, रँडलच्या, घरी आला, सोफ्यावर झोपायला लागला आणि भावाच्या हाताखाली छपरं घालायला लागला. तेव्हा रँडलनं त्याला पहिलं काम दिलं ते हे. पहाटे बर्फाचा डबा उचलायचा, नारिंगी पिंपात ओतायचा, वरून नळाचं पाणी सोडायचं. ओक्लाहोमाच्या उन्हाळ्यात पाच माणसं दिवसभर त्या पिंपावर तगायची. रँडल बर्फ टोपीत भरून ती डोक्यावर घालायचा आणि कानांवरून पाणी ओघळत असताना म्हणायचा, "गरिबाचा एसी, बघून घ्या."

बर्फाचं मशीन फ्रीझरच्या डाव्या कोपऱ्यात होतं, चपलांच्या खोक्याएवढं. त्याच्या कडेला एक वाकवलेली तार होती. तार खाली असली की मशीन पाणी घ्यायचं, ते गोठवायचं आणि बर्फ खालच्या डब्यात टाकायचं. डबा भरला की बर्फाचाच ढीग तारेला वर उचलायचा आणि मशीन थांबायचं. हातानं वर केली तरी थांबायचं. एवढं साधं होतं ते.

सोफा त्या भिंतीला लागूनच होता. रात्री बर्फ पडला की कुणीतरी दगड ओतल्यासारखा आवाज व्हायचा. त्या बुधवारी डार्लाच्या, म्हणजे वहिनीच्या, बहिणी येऊन गेल्या होत्या. थंड चहात घालून सगळा बर्फ संपला होता आणि मशीन रात्रभर डबा भरत बसणार होतं. लेवीची दोनदा झोपमोड झाली. तिसऱ्यांदा तो शिवी देत उठला, तार वर केली आणि झोपला.

सकाळी ती खाली करायची राहून गेली होती. डब्यात मूठभर बर्फ होता. बाहेर रँडल हॉर्न वाजवत होता. लेवीच्या तोंडून निघून गेलं, "मशीन बिघडलंय."

रविवारी बघू, आज नळाच्या पाण्यावर भागवू, असं रँडल म्हणाला. वाटेत पेट्रोल पंपावर बर्फाच्या पिशव्या मिळत होत्या, पण आधीच उशीर झाला होता. उशीरही लेवीमुळेच झाला होता.

दुपारी पावणेतीनला रँडल छपरावर बोलायचा थांबला. मग त्याचा घाम थांबला. बरोबरच्या दोघा कामगारांनी त्याला शिडीवरून खाली घेतलं. लेवी शिडीचा पाय धरून उभा होता. त्यानं शिडी शेवटपर्यंत सोडली नाही, भावाच्या अंगाला हातसुद्धा लावला नाही. संध्याकाळी इस्पितळात उष्माघातानं सगळं संपलं.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये बायका एकमेकींना सांगत होत्या, बिचाऱ्यांचं मशीन नेमकं त्याच दिवशी बिघडावं. डार्लाही प्रत्येकीला तेच सांगत होती. लेवी तिच्या शेजारी उभा राहून मान हलवत होता.

२

दहाव्या दिवशी डार्लानं ऑर्विलला फोन केला. ऑर्विल चर्चमधला म्हातारा. चाळीस वर्षं लोकांचे फ्रीज आणि कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करून आता घरी बसला होता. गुरुवारी येतो म्हणाला.

तार अजून वरच होती. त्या दिवसापासून त्यानं तिला हात लावला नव्हता, कारण खाली केली असती तर मशीन चालू झालं असतं. आणि आता ऑर्विल दार उघडून बोटानं ती तार खाली करणार, आणि डार्लासमोर हसून सांगणार की यात काहीच बिघाड नाही.

म्हणून लेवी नवीन फ्रीज घ्यायचं म्हणायला लागला. हा चौदा वर्षांचा आहे, दाराचं रबर गेलंय, बर्फ करत नाही, असला डबा कशाला सांभाळायचा. डार्ला नर्सिंग होमच्या धुलाईघरात काम करून आली होती, पाय स्टुलावर टाकून बसली होती. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"गारपिटीच्या वर्षी घेतलाय तो त्यानं," ती म्हणाली. "बावन्न छपरं घातली होती त्या उन्हाळ्यात. मी तो अंगणात फेकणार नाही, लेव."

"मग काय, बर्फ न करणारा फ्रीज पुजायचाय का?"

"म्हणून तर ऑर्विलला बोलावलंय." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुला एवढी कसली घाई आहे रे बदलायची?"

तो बाहेर जाऊन पिकअपच्या सावलीत बसला. तिच्या बघण्यात काहीतरी होतं. रागही नव्हता आणि दुःखही नव्हतं. ती कशाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसत होती. मग त्यानं स्वतःला समजावलं, नवरा गेलेली बाई कशीही बघणार.

३

सोमवारी दुपारी तो एकटा होता. उन्हामुळे पडदे ओढलेले होते, त्यामुळे घरात दुधी उजेड होता. छताचा पंखा एका बाजूला टक टक करत होता. लोकांनी आणून दिलेले जेवणाचे ट्रे अजून ओट्यावर होते, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर ज्या बाईचा ट्रे तिचं नाव. ते धुऊन परत पोचवायचे होते. लेवीनं एक घासला आणि सोडून दिला. तो सोफ्यावर बसला, उठला, परत बसला.

फ्रीझरमध्ये बर्फ पडला.

आवाज ओळखीचाच होता. आधी मोटरची बारीक कुरकुर, मग तडकल्यासारखं काहीतरी, मग डब्यात एकदम सगळा बर्फ. लेवीला त्यात काही वावगं वाटलं नाही. अर्ध्या मिनिटानं वाटलं, आणि तो उठून उभा राहिला.

दार उघडलं. तार वर होती. डबा रिकामा होता.

साच्यात उरलेला जुना बर्फ सुटला असेल, असं त्यानं ठरवलं. मग तो कुठे गेला? मागे अडकला असेल. त्यानं डबा काढून मागे हात घातला. काही नव्हतं. डब्याचा तळ मात्र ओला होता. त्या पाण्यात चार-पाच दाणे होते, मोठ्या वाळूच्या कणांएवढे, विटकरी रंगाचे.

त्यानं एक दाणा नखांत धरून दाबला. तो फुटला नाही.

छपराच्या डांबरी पट्ट्यांवर असले दाणे थापलेले असतात. संध्याकाळी आंघोळ करताना ते केसांतून, कानांतून, मोज्यांतून निघतात. शेवटचं घर विटकरी रंगाचं होतं. दाणे आपल्याच कपड्यांतून पडले असतील, असं लेवी स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. ते कपडे त्या दिवसापासून गाडीत पिशवीत बांधलेले होते. ते आठवलं तसा तो डबा धुवायला गेला आणि गरज होती त्याच्या तिप्पट वेळ धूत राहिला.

मायक्रोवेव्हच्या घड्याळात पावणेतीन वाजून गेले होते.

४

मंगळवारीही तेच झालं. आता तो फ्रीझरसमोर खुर्ची टाकून बसला होता. मोटर कुरकुरली, बर्फ पडला आणि त्यानं तत्क्षणी दार उघडलं. डबा रिकामा आणि ओला. एवढ्या वेळात कुणी बर्फ उचलू शकत नाही. एवढ्या वेळात तो वितळूही शकत नाही.

त्यानं आतल्या वस्तू चाचपल्या. उजवीकडे ठेवलेले जेवणाचे ट्रे दगडासारखे गोठलेले होते. डावीकडे, बर्फाच्या डब्याला टेकून, मॅकरोनीचा एक ट्रे होता. त्याची डब्याकडची बाजू मऊ पडली होती. बोट आत जात होतं. दुसरी बाजू टणक.

फ्रीझर जुना आहे, कोपऱ्यातला थंडावा गेला असेल, बस्स. आणि आवाज? आवाज आपल्या डोक्यात आहे. दोन आठवडे झोप नाही, माणूस काहीही ऐकतो. त्यानं हे सगळं नीट लावलं आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्याला दुसरी गोष्ट सुचली, आणि सुचली की करायची, हा त्याचा स्वभावच होता. मशीन खरंच बिघडवलं तर? मग आवाजही जाईल आणि गुरुवारचं संकटही जाईल. बिघडलंय असं आपण म्हणालो होतो ते खरं होईल.

त्यानं पिकअपमधून स्क्रू-ड्रायव्हर आणला, मशीनचं पुढचं झाकण काढलं, आतलं पांढरं दातेरी चाक मोडलं आणि वायरचा जोड उपटला. मग फ्रीजमागे वाकून पाण्याची कळ बंद केली. झाकण परत बसवलं. सहा वर्षांत एखादं काम इतकं चटकन झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा पोटभर जेवला. डार्लानं त्याला दुसऱ्यांदा वाढलं.

५

बुधवारी डार्ला लवकर आली. ओट्याशी उभी राहून ट्रे पुसत होती आणि कुठला कुणाचा ते वाचून दाखवत होती. लेवी ते कागदात गुंडाळत होता. मिसेस हॅगर्टीच्या ट्रेला अजून चीजचा वास येत होता आणि डार्ला म्हणत होती की त्या बाईच्या हातचं कुत्रंही खात नाही, पण रँडल खायचा, दोनदा मागायचा, कारण तो सज्जन होता. ती हसली. रँडल गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. लेवीही हसला.

बर्फ पडला.

डार्लाचा चेहरा उजळला. "अरे, चालू झालं की."

लेवीच्या हातातला कागद फाटला. तिनं ओला हात स्कर्टला पुसत फ्रीझर उघडला आणि आत बघत राहिली. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"बर्फ कुठे गेला, लेव?"

"मला काय माहीत."

"पडला ना आता. तू ऐकलास ना?"

आपण ऐकला नाही असं म्हणायचं त्याच्या मनात होतं. तेवढं म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं की आपल्यालाच भास झाला. पण तिचा आवाज इतका लहान झाला होता की त्याला ते जमलं नाही. ऐकला, असं त्यानं सांगितलं.

तिनं दार लावलं. मग ती फ्रीजच्या कडेला तळहात टेकून उभी राहिली, कपाळ तपासावं तसा. हात झटकन काढला.

"गरम आहे," ती म्हणाली.

मागे मोटर असते, तिचीच ती ऊब, असं लेवी म्हणाला. डार्लानं मान हलवली, पण त्यानंतर ती त्या बाजूनं गेली नाही. ओट्याला वळसा घालून गेली. रात्रीचं जेवण दोघांनी बाहेर पायऱ्यांवर केलं, आत फार उकडतंय म्हणून.

६

ऑर्विल गुरुवारी दीडला आला. जाडजूड, कानात यंत्र, पट्ट्याला टॉर्च. आल्या आल्या त्यानं डार्लाचे दोन्ही हात हातात घेतले, रँडलबद्दल दोन चांगले शब्द बोलला आणि मग लेवीकडे वळून म्हणाला, "आणि तू, पोरा, हाडं मोजता येतील इतका वाळलास. कुणी खायला घालत नाही का?"

"घालतात, सर."

झाकण काढून तो टॉर्चनं आत बघत राहिला. मग त्यानं मोडलेल्या चाकाचे तुकडे तळहातावर घेतले.

"हे झिजलेलं नाही," तो म्हणाला. "स्क्रू-ड्रायव्हरनं तोडलंय. तेही परवा-तेरवा, आणि रागात." तो डार्लाकडे बघत होता, लेवीकडे नाही. "त्याआधी हे ठणठणीत होतं, बाई. मी लिहून देतो."

मशीन पहिल्यांदा थांबलं तेव्हा तार वर होती का, असं त्यानं विचारलं. दहा घरांतल्या सात घरी तेवढंच असतं, कुणीतरी तार वर केलेली असते. मी जातो, एका बोटानं ती खाली करतो आणि केक खाऊन घरी येतो. डार्ला लेवीकडे बघत होती. ऑर्विलनं हत्यारं पुसायला घेतली.

लेवीनं त्याला लाल दाण्यांबद्दल विचारलं. पाण्याच्या पाइपचा गंज, ऑर्विल म्हणाला. गंज नखांत दाबला की फुटतो, हे लेवीला ठाऊक होतं. त्यानं ते सांगितलं नाही. मग डार्लानं विचारलं की काल दुपारी यातून बर्फ पडला, तो कसा?

"यातून?" ऑर्विल हसला. "वायर उपटलेली, पाणी बंद, चाक मोडलेलं. यातून काही पडत नाही. पाइप वाजला असेल." हसता हसता त्यानं आत हात घातला, डाव्या कोपऱ्यात, आणि हसू थांबलं. हात बाहेर काढून त्यानं तो पँटला पुसला. परत घातला नाही.

चाक आणून बसवलं तर वीस मिनिटांचं काम आहे, तो दाराशी जाऊन म्हणाला, पण एवढ्या जुन्या फ्रीजमध्ये कशाला पैसे घालायचे. नवीन घ्या. ठरवा आणि मला कळवा. यायच्या फेरीचं तो काही घेणार नव्हता. जाताना तो पायऱ्या फार भरभर उतरला. गुडघे दुखतात असं तो सगळ्यांना सांगत असे.

७

स्वयंपाकघरात दोघंच उरली. फ्रीझरचं दार अर्धवट उघडं होतं आणि थंड वाफ जमिनीवर येत होती, पण फक्त उजव्या बाजूनं.

"मी केलं ते," लेवी म्हणाला. "चाक मी मोडलं."

"कळलं मला."

"आणि तार. त्या रात्री तार मी वर केली होती. आवाजानं झोप येत नव्हती. सकाळी विसरलो. मशीन बिघडलंय असं खोटं बोललो मी त्याच्याशी." त्याला वाटलं होतं हे बोलताना आपण रडू. पण रडू आलं नाही.

डार्ला खुर्चीवर बसली. "इस्पितळातून घरी आले त्या रात्री मी पाणी प्यायला उठले होते," ती म्हणाली. "फ्रीझर उघडला. तेव्हाच तार दिसली."



"मग तू सगळ्यांना सांगत होतीस ते, मशीन बिघडलं म्हणून..."

"तू शेजारी उभा असायचास. दर वेळी वाटायचं, आता बोलेल. आता बोलेल." तिनं ओठ दाबले. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको होतं. शेवटी म्हाताऱ्याला बोलवावं लागलं."

त्याला वाटलं ती मारेल. मारावं असं त्याला वाटत होतं. ती नुसती फ्रीझरकडे बघत होती.

"ती तार अजून वरच आहे," ती म्हणाली. "खाली कर. तूच कर. मग दुरुस्त करायचं की फेकायचं ते बघू."

लेवी उठला. मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे त्यानं मुद्दाम पाहिलं नाही. दार पूर्ण उघडलं. डबा समोर दिसत होता, पांढरा आणि रिकामा, आणि त्याच्यावर ती वाकवलेली तार. तिला अडवणारं काहीही नव्हतं. त्यानं बोट ठेवलं आणि खाली दाबली.

तार हलली नाही.

जोर लावला. तार जरा वाकली आणि परत वर आली. मशीनमध्ये ती अडकली असती तर हाताला ताठ लागली असती. ही तशी लागत नव्हती. डबा काठोकाठ भरलेला असताना ती जशी लागते तशी लागत होती. खालून काहीतरी तिला वर धरून होतं. डब्यात काही नव्हतं. त्याला प्लास्टिकच्या तळावरचा डाग दिसत होता, इतका डबा रिकामा होता.

"काय झालं?" डार्लानं विचारलं.

तारेच्या खाली, डब्यात, त्यानं तळहात सरकवला.

हात तळापर्यंत पोचला नाही. मध्येच कशाला तरी लागला. ते गोलसर होतं. त्यावर आखूड, राठ केस होते आणि केसांत खरखरीत दाणे. केसांखाली कातडी होती, दुपारच्या पत्र्यासारखी तापलेली आणि संपूर्ण कोरडी. घामाचा एक थेंबही नव्हता. डोळ्यांना अजूनही रिकामा डबाच दिसत होता, आणि त्यात आपलाच हात, हवेत थांबलेला.

हात मागे घ्यावा असं त्याच्या सबंध अंगाला वाटत होतं. त्याच्या तळव्याखाली ते कपाळ अगदी हळू, थकल्यासारखं, वर टेकलं.

लेवीनं हात काढला नाही. दुसरा हातही आत घातला.

"डार्ला," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "गाडी काढ. पंपावर जा. मिळेल तेवढा बर्फ आण."

किल्ल्यांचा आवाज आला, मग जाळीचं दार आपटलं, मग पिकअप सुरू झाली. लेवी दोन्ही तळहातांत ते धरून उभा होता आणि सांगत होता, आलीच ती, पाच मिनिटं, आलीच. त्याच्या हातांखाली ते दर क्षणाला आणखी तापत चाललं होतं.